कौतुक की आरोप?

(धंतोली, नागपूर इथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'गुन्ह्यांवरचे माहितीपट आणि खोटे आरोप'. पत्रिका बघून आपल्यातल्या दोघी-तिघींनी मला काल फोन केला. 'तूसुद्धा खोट्या आरोपांवर बोलायला लागलीस का?' असा त्यांचा सूर होता. तो मला समजतो. पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या आवारात, अगदी लग्नाच्या पंगतीतही हे दोन शब्द तक्रार करणाऱ्या बाईचं तोंड बंद करायलाच वापरले जातात. म्हणून आपण त्यांच्या वाटेला जात नाही. पण आज मी बाईवर येणाऱ्या आरोपाबद्दल बोलणार आहे, आणि तो पसरवण्यात आपलाही वाटा आहे का, त्याबद्दल.

उदाहरण आपल्याच गावचं घेते. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात अक्कू यादवचा खून झाला. मी तेव्हा सातवीत होते. आईनं त्या दिवशीचा पेपर लपवून ठेवला होता, पण शाळेत मधल्या सुट्टीत सगळं कळलंच. जरीपटक्याकडच्या कस्तुरबा नगरातल्या बायांनी, त्यातल्या बहुतेक दलित, वर्षानुवर्षं या माणसाची दहशत सोसली होती. बलात्कार, मारहाण, खंडणी. पोलिसांकडे गेलं तरी दाद लागत नाही, असं त्या सांगत होत्या. खुनानंतर वस्तीतल्या काही बायांना अटक झाली, तेव्हा शेकडो बाया पुढे आल्या आणि म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच अटक करा.

पुढची गोष्ट मात्र कमी जणींना माहीत असते. खटला दहा वर्षं चालला. आरोपी होते विसाच्या आसपास, आणि त्यात पुरुषही होते. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष सुटका झाली आणि खटला संपला.

आता सांगा, तुमच्या आमच्या डोक्यात ही गोष्ट कशी बसली आहे? 'दोनशे बायांनी मिळून गुंडाला कोर्टात ठार मारलं.' तिखट, स्वयंपाकघरातले चाकू, सगळ्या तपशिलांसकट. २०२१ मध्ये या घटनेवर बेतलेला हिंदी चित्रपट आला, '२०० हल्ला हो'. आकडा थेट नावातच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर 'इंडियन प्रिडेटर' या मालिकेत 'मर्डर इन अ कोर्टरूम' हा तीन भागांचा माहितीपट आला. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, म्हणजे 'वळू' आणि 'देऊळ'वाले. काम आस्थेनं केलेलं आहे, वस्तीतल्या बाया त्यात बोलतात. बायांची बदनामी करायला कुणी निघालं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. उलट सगळीकडे कौतुकच आहे. माझी अडचण त्या कौतुकाशीच आहे.

आणि हे मला सुचलं नाही, सांगावं लागलं. काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी बचत गटाच्या बायांचं शिबिर घेत होते. कायद्याचं सत्र कंटाळवाणं होतंय असं वाटलं की मी नेहमी कस्तुरबा नगरची गोष्ट काढायची. बाया सावरून बसायच्या, टाळ्या पडायच्या. त्या दिवशीही पडल्या. सत्र संपल्यावर एक पन्नाशीची बाई सतरंजी गुंडाळता गुंडाळता मला म्हणाली, 'म्याडम, कोर्टानं सोडलं ना त्यायले? मग तुमी काहून मारलं म्हणता?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरक फळ्यावर लिहून शिकवणारी. आणि ज्यांना न्यायालयानं निर्दोष सोडलं, त्यांना मी दर महिन्याला नव्या वस्तीत जाऊन खुनी म्हणत होते. प्रेमानं म्हणत होते, एवढाच फरक.

'अहो, पण त्या बायांनीच तर सांगितलं, आम्हीच केलं म्हणून!' हा युक्तिवाद मी आपल्या बैठकांत ऐकलाय. 'सगळ्यांना अटक करा' हे वाक्य चळवळीत कशासाठी म्हणतात ते आपल्याला सांगायला हवं का? मोर्च्यात एकीला गाडीत कोंबलं की बाकीच्या जणी आपण होऊन गाडीत चढतात. ती कबुली नसते. एकटीला धरू देणार नाही, असं त्यात म्हणायचं असतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाबसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही, पुराव्याच्या जुन्या कायद्यातही नव्हता आणि नव्यातही नाही. मग रस्त्यावरची घोषणा कबुली कशी होईल? पण कॅमेऱ्यासमोर ती होते. मागे संगीत घातलं, एका बाईचा करारी चेहरा जवळून दाखवला, की प्रेक्षकाचा निकाल तयार. त्या निकालावर अपील कुठे करायचं?

कोर्टातला कागद एक दिवस बंद होतो, चित्रफीत पुन्हा पुन्हा लागते. दहा वर्षं तारखांना जाऊन, वकिलाची फी भरून, मजुरी बुडवून जी बाई सुटली, तिच्या नातवाच्या वर्गातली मुलं मोबाइलवर तेच बघतात. मुलीचं स्थळ बघायला आलेले लोकही बघतात. टाळ्या वाजवणारे आपण त्या घरात राहायला जात नाही.

यात आणखी एक गोष्ट हरवते. बायांची मूळ फिर्याद खुनाची नव्हतीच. ती होती बलात्कारांची आणि पोलिसांनी केलेल्या दुर्लक्षाची. तो माणूस मेला आणि त्याच्यावरचे खटले तिथेच संपले. तक्रारी वर्षानुवर्षं का पडून राहिल्या, कोणत्या अधिकाऱ्यानं काय केलं, याचा हिशेब मांडायला कागदपत्रं चाळावी लागतात. त्यात तिखटाची पूड नाही, म्हणून ते दोन मिनिटांत उरकतं.

बदनामीच्या वाटेनं जाणारा आरोप आपल्याला ओळखता येतो. २००६ च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत 'अनैतिक संबंध' हे कारण छापून आलं. मेलेली बाई खुलासा करायला येऊ शकत नव्हती. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर रिया चक्रवर्तीवर वाहिन्यांनी काळ्या जादूपर्यंत मजल मारली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं आपला तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तो किती वाहिन्यांनी तेवढ्याच आवाजात सांगितला?

त्या प्रकरणातूनच मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा निकाल आला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांचं खंडपीठ होतं. तपास चालू असताना आरोपीच्या किंवा पीडित व्यक्तीच्या चारित्र्याची चर्चा करू नका, गुन्हा कसा केला याची नाट्यरूपं दाखवू नका, पोलिसांना दिलेली कथित कबुली पुरावा असल्यासारखी सांगू नका, असं त्यात बजावलं आहे. निकाल चांगला आहे, मिळवून वाचाच. पण त्याचा रोख तपासाच्या काळावर आणि बातम्यांवर आहे. खटला संपून आठ वर्षांनी येणाऱ्या माहितीपटाला तो कसा अडवणार?

२०२४ मध्ये शीना बोरा खून खटला चालू असताना इंद्राणी मुखर्जीवरचा माहितीपट थांबवायला सीबीआय उच्च न्यायालयात गेली होती. न्यायमूर्तींनी तो आधी पाहिला. खटल्याला बाधा येईल असं त्यात काही नाही, असं त्यांचं मत झालं आणि माहितीपट दाखवला गेला. खटल्याला बाधा, हा कोर्टाचा प्रश्न. बाईला बाधा होते की नाही हे बघायला तिच्या वतीनं कोण जाणार? माहितीपटांवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी आली की पहिली कात्री आपल्याच बोलण्याला लागेल, हे मला पक्कं माहीत आहे.

एक खासगी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी एका निर्मिती संस्थेतून एका मुलीचा फोन आला. गोड बोलणारी, बहुधा नुकतीच नोकरीला लागलेली. 'ताई, विदर्भातली एखादी स्ट्राँग केस द्या ना. बाई बोलकी हवी. रडली तरी चालेल.' माझ्या वहीत तशा चार बाया होत्या. खोटं कशाला बोलू, आपल्या कामाचं नाव होईल असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी संमतीचा फॉर्म मागवला. आठ पानं, सगळी इंग्रजी. चौथ्या पानावर लिहिलं होतं की चित्रीकरण जगभर, कायमचं, कोणत्याही स्वरूपात वापरता येईल, आणि प्रसंगांची नाट्यरूपं करता येतील. दिलेली संमती मागे घेण्याबद्दल एक ओळही नव्हती.

मी नंबर दिले नाहीत. त्यावर आमच्याच एका सहकारी मैत्रिणीनं मला विचारलं, 'तू कोण त्या बायांच्या वतीनं नाही म्हणणारी?' तेही खरंच आहे. मी चौघींना विचारायला हवं होतं. नंतर विचारलं. तिघी नको म्हणाल्या. चौथी म्हणाली, बोलीन, पण आधी मला पूर्ण दाखवा आणि माझ्या घराची गल्ली दाखवू नका. तिचं म्हणणं मी त्या मुलीला कळवलं. पुन्हा फोन आला नाही.

बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तिची लेखी परवानगी असल्याशिवाय, हे आपण सगळ्या जाणतो. पूर्वी तेच २२८ अ होतं. पण ती लेखी परवानगी आठ इंग्रजी पानांच्या पोटात जाऊन बसली, तर आपण काय करणार? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा प्रत्येक मंचाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्यानं पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आपल्यापैकी कुणी अशी तक्रार केली असेल तर हात वर करा. बघा.

त्या आठ पानांचा मी मराठीत तर्जुमा करून आणलाय, संस्थेचं नाव काढून. वीस प्रती आहेत, जोडीजोडीनं घ्या. चहाच्या आधी चौथं पान वाचू, आणि आपल्या वस्तीतली एकेक बाई डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक कलमाला ती काय म्हणेल ते समासात पेन्सिलीनं लिहू.