खोलीभाड्यातला आपला वाटा



मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली की पुणे-नाशिक रस्त्यावर हे कुरुळी येतं. चाकणच्या कारखान्यांत राबणारी मुलं इथल्या खोल्यांत राहतात. एका खोलीत तिघं-चौघं. फर्स्ट शिफ्टवाला उठला की नाईटवाला त्याच अंथरुणावर पाठ टेकतो. भाडं रोख, पावती क्वचितच. पगारपत्रकं सांभाळणाऱ्या आपणा सर्वांसमोर अध्यक्ष म्हणून मला आज या खोल्यांविषयी बोलायचं आहे आणि आयकर विवरणपत्रातल्या एका ओळीविषयी: कलम १० खाली सूट असलेले भत्ते, म्हणजे आपल्यासाठी घरभाडे भत्ता.

ओळ भरायची रीत साधी आहे. आधी फॉर्म १६ मधला पूर्ण पगार लिहायचा, मग त्यातून सूट मिळणारा भत्ता वजा दाखवायचा. पुष्कळ जण वजा केलेला आकडाच पूर्ण पगार म्हणून भरतात. कंपनीने कळवलेल्या पगाराशी तो जुळत नाही आणि रिफंड अडकतो. पण ही चूक दुरुस्त होते. मला टोचते ती दुसरी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एक ऑपरेटर मुलगा नोटीस घेऊन माझ्याकडे आला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २५,०००, घरभाडे भत्ता ८,०००. तिघांत मिळून ९,००० ची खोली, म्हणजे याचा वाटा ३,०००. आपल्याला हिशेब पाठ आहे: मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे १० टक्के गेल्यावर उरलेली रक्कम आणि आपल्या भागात पगाराचे ४० टक्के, या तिन्हींतला सर्वांत लहान आकडा. त्याची खरी सूट महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,०००. विवरणपत्रात लिहिले होते ७८,०००. ‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाने पूर्ण ९,००० ची पावती त्याच्या नावावर केली होती, आणि तशीच उरलेल्या दोघांच्याही नावावर. पोर्टलवर ई-मेल एजंटाचा. आधीची पत्रं मुलाने पाहिलीच नव्हती.

हे एकट्या कुरुळीचं दुखणं नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा खोट्या दाव्यांसाठी देशभर १५० ठिकाणी तपास केला. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे दावे मागे घेतल्याचं विभागाने सांगितलं. शिवाय २०२५-२६ च्या कर निर्धारण वर्षापासून घरभाडे सूट मागताना कामाचं ठिकाण, मिळालेला भत्ता, भरलेलं भाडं, मूळ पगार असा सगळा तपशील फॉर्ममध्येच द्यावा लागतो. एकरकमी आकडा टाकून सुटका नाही. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो एजंटाला नाही, मुलाला.

त्याहून जिवाला लागणारी गोष्ट अशी की आज त्याच मुलाला या सुटीची गरजच नाही. नवी करपद्धत आता आपोआप लागू होते. तिच्यात घरभाड्याची सूट मिळत नाही, पण आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य आहे. हे त्याला त्याच्या भाषेत, समोर बसवून कोण सांगणार? पगारपत्रक आपल्या हातात आहे, तेव्हा आपणच. जुनी पद्धत ज्यांना खरोखर परवडते, गृहकर्जवाले, मोठा विमा असलेले, त्यांनी ती जरूर घ्यावी, पण दोन्ही आकडे शेजारी मांडून. पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल कामगाराचाच असावा. याबाबत मी कोणतीही सबब ऐकणार नाही.

जुनी पद्धत घेणाऱ्यांना पावती लागेलच, म्हणून खोलीमालकांशीही बोलावं लागेल. पावती दिली की आपण अडकलो, ही त्यांची भीती आहे. वर्षाला एक लाखापर्यंतच्या भाड्यासाठी कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी मी एक पावतीपुस्तक छापून आणलं आहे. त्यात एकूण भाड्याखाली ‘या भाडेकरूचा वाटा’ असा वेगळा रकाना आहे. बाहेरच्या टेबलावर गठ्ठे ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने आपल्या कंपनीसाठी दहा-दहा पुस्तकं घेऊन जावीत.