मोतीबिंदू काढल्यानंतरचे दिवस
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वैद्यकीय विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही मॅट्रिक झालेले, खडू-फळ्यात जन्म घालविलेले शिक्षक. परंतु आमच्या हातून जी चूक घडली ती दुसऱ्या घरी घडू नये, एवढ्यासाठी कार्यकारी मंडळाची आज्ञा शिरसावंद्य मानली.

आमच्या लहानपणी आजोबांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा मस्तकाच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना उताणे निजविले होते. पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा. लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी १९४९ साली डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसविले खरे, पण ती विद्या आपल्याकडे रुळण्यास पुष्कळ वर्षे लागली. आज रोगी सकाळी जातो व बहुधा सायंकाळी घरी येतो. इस्पितळातील पहारा आता घरावर आला आहे, हे मात्र घरच्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नाही.

आमच्या थोरल्या भगिनी आक्का यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताच त्यांनी भिंतीवरील दिनदर्शिकेतील तिथी वाचून दाखविली. चौथ्या रात्री त्या म्हणाल्या, "अरे, डोळा ठणकतो आहे, आणि धूसर दिसते." दुसऱ्या दिवशी घरात नातवाचे बारसे. आम्ही म्हणालो, "आक्का, शस्त्रक्रिया झाली आहे, थोडे दुखायचेच." बारसे पार पडले. त्यानंतर डॉक्टरांकडे नेले, तो आत जंतूंनी पू धरलेला. डोळ्यात इंजेक्शने दिली. डोळा राहिला, दृष्टी गेली. त्या डोळ्याने त्यांना आज उजेड आणि अंधार एवढेच कळते. डॉक्टर म्हणाले, त्याच रात्री आणावयास हवे होते. आक्कांनी आम्हांस आजवर एका शब्दाने दुखविलेले नाही. त्या समोर स्त्रियांच्या बाजूस बसल्या आहेत; त्यांच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत.

थोडी खुपखुप, पाणी येणे, उजेड सहन न होणे हे पहिले काही दिवस चालते व दिवसेंदिवस कमी होते. परंतु दुखणे वा लाली वाढू लागली, कालच्यापेक्षा आज कमी दिसू लागले, डोळ्यापुढे विजा चमकल्या अथवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर रात्र असो की घरात कार्य असो, तत्काळ निघावे.

आता थेंब. हात साबणाने धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाकावा, कुपीचे टोक पापणीस लागू देऊ नये. दोन निरनिराळ्या औषधांत पाच मिनिटे जाऊ द्यावीत. स्वच्छ दिसू लागले की पुष्कळ जण थेंब सोडतात. आतली सूज ओसरण्यास काही आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या क्रमानेच थेंब कमी करावयाचे. आम्ही हजेरीपटासारखा तक्ता आखून देवघराशेजारी टांगला होता. नातू खुणा करी.

डोळा चोळू नये, निजताना त्यावर ढाल बांधावी. स्नान गळ्याखालून, डोक्यावरून पाणी डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. हंडा-कळशी उचलू नये. देवापुढील साष्टांग नमस्कारही काही दिवस हात जोडूनच व्हावा. देव रागावणार नाही. मध, गुलाबपाणी, काजळ घालण्याचा आग्रह करणारे शेजारी प्रेमळ असतात, त्यांना चहा देऊन बोळवावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने डोळा स्थिरावल्यावर काढतात. काही वर्षांनी पुन्हा अंधुक झाले तर 'मोतीबिंदू परत आला' म्हणून घाबरू नये. भिंगामागील पडदा गढूळ होतो. तो लेसरने मोकळा करतात.

गतवर्षी आमचाही डोळा झाला. आक्का रोज तिन्हीसांजेला भिंत चाचपीत येत व विचारीत, "ठणकत नाही ना रे?"

कुपी धरण्याची रीत ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चहापानानंतर थांबावे. साध्या पाण्याची एक कुपी आम्ही सोबत आणली आहे. थेंब हाताच्या पाठीवर टाकून दाखवू.