सामना ठरता ठरेना

न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एनजेआयटी, हे नाव महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत ओळखीचं आहे. इंजिनिअरिंगची पदवी हाती घेऊन एम.एस.साठी अमेरिकेला निघालेली मुलं अर्ज करताना न्यूआर्क शहरातल्या या संस्थेचा विचार करतात. तिच्या बास्केटबॉल संघाची कहाणी मात्र आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर नाही. २००७-०८च्या हंगामात हा संघ २९ सामने खेळला आणि सगळेच्या सगळे हरला. पराभवांची ही माळ तुटली जानेवारी २००९मध्ये. तोवर सलग ५१ पराभव झाले होते! आणि अखेर ज्या ब्रायंट विद्यापीठाला एनजेआयटीने हरवलं, तेही या पातळीवर त्याच हंगामात दाखल झालं होतं.

ही पातळी म्हणजे डिव्हिजन वन. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा सर्वांत वरचा थर. साडेतीनशेहून अधिक कॉलेजं त्यात खेळतात. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेपाशी पोचतो. नवखा संघ इथे हरणार, हे उघड आहे. खेळाडू कमी उंचीचे, प्रशिक्षकांचा ताफा लहान, शिष्यवृत्तीला पैसा अपुरा. पण या सगळ्याच्या आधी एक साधा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. खेळायचं कोणाशी?

आपल्याला वाटतं, कुठल्यातरी मध्यवर्ती कचेरीतून सगळ्यांची वेळापत्रकं तयार होऊन येत असतील. तसं काही नसतं. संघाच्या वाट्याला हंगामात साधारण ३० सामने येतात. त्यातले निम्म्याहून अधिक त्याची कॉन्फरन्स, म्हणजे काही कॉलेजांनी मिळून केलेली साखळी, ठरवून देते. उरलेले ज्याचे त्याने जमवायचे. सहायक प्रशिक्षक महिनोन् महिने फोनवर असतात. कधी यांची तारीख मोकळी तर त्यांची नाही, कधी तारीख जुळते आणि पैशांवर अडतं. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात नव्या मल्लाला जोड मिळता मिळत नाही, तशीच गत. नावाजलेल्याला त्याच्याशी लढून काही मिळवायचं नसतं आणि बरोबरीचे आधीच कुणाशी तरी जोडले गेलेले असतात.

ज्याला कॉन्फरन्सच नाही, त्याचे हाल तर विचारू नका. अशा संघाला इंडिपेंडंट म्हणतात. नाव रुबाबदार, पण जानेवारी उजाडला की सगळे आपापल्या साखळीत गुंततात आणि इंडिपेंडंट संघाचं वेळापत्रक ओस पडतं. मग खालच्या डिव्हिजनमधली कॉलेजं बोलवायची, तर अशा सामन्यांच्या संख्येवरही नियमाने मर्यादा आहे.

एनजेआयटीने हे सगळं भोगलं. २००९मध्ये तिला ग्रेट वेस्ट नावाची कॉन्फरन्स मिळाली. सोबतीचे संघ होते युटा, टेक्सस, नॉर्थ आणि साउथ डकोटा, शिकागो इथले. न्यूआर्कहून यांतला एकही बसच्या टप्प्यात नाही. त्यातून ही साखळी जिंकली तरी राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट मिळत नव्हतं. २०१३मध्ये ती कॉन्फरन्सही मोडली. बाकीच्यांनी दुसरीकडे घरोबा केला आणि एनजेआयटी संपूर्ण डिव्हिजन वनमधला एकमेव इंडिपेंडंट संघ उरला. ६ डिसेंबर २०१४ या दिवशी याच संघाने ॲन आर्बरला जाऊन तेव्हा १७व्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला ७२-७० असं हरवलं. पुढच्याच वर्षी अटलांटिक सन कॉन्फरन्सने त्याला आत घेतलं. तिचे संघ फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसीकडचे. जवळपासच्या राज्यांतली अमेरिका ईस्ट कॉन्फरन्स मिळायला २०२० साल उजाडलं.

प्रत्येकाचं नशीब असं फळफळत नाही. जॉर्जिया राज्यातलं सव्हाना स्टेट २००२मध्ये वर चढलं आणि जवळजवळ दशकभर इंडिपेंडंट राहिलं. २००४-०५च्या हंगामात त्यांनी २८ सामने खेळले आणि २८ गमावले. पुढे कॉन्फरन्स मिळाली, पण २०१९मध्ये ते आपणहून डिव्हिजन टूमध्ये परत गेलं.

आता पैशांचं गणित. केंटकीसारख्या बलाढ्य विद्यापीठाचं रप अरिना हे सभागृह सुमारे २० हजार प्रेक्षकांचं. हंगामाची तिकिटं आधीच विकलेली. नोव्हेंबरात ते भरायला पाहुणा संघ हवा आणि तो शक्यतो हरणारा हवा. म्हणून छोट्या कॉलेजाला ठरलेली रक्कम देऊन बोलावतात. याला बाय गेम किंवा गॅरंटी गेम म्हणतात. परतभेटीला मोठा संघ छोट्याकडे जाईल, असं करारात नसतं. २०१९मध्ये इंडियानातल्या एव्हान्सव्हिलला केंटकीने अशा सामन्यासाठी ९० हजार डॉलर दिले. एव्हान्सव्हिलने ते घेतले आणि तेव्हा पहिल्या क्रमांकावर असलेल्या केंटकीला ६७-६४ असं हरवलं. एव्हान्सव्हिल नवखं नव्हतं, पण बाजारभाव काय असतो ते यावरून कळतं.

नवख्या कॉलेजाला हा पैसा सोडवत नाही. विमानभाडं, हॉटेलं, कधी कधी क्रीडा विभागाच्या खर्चाचा मोठा वाटा अशाच रकमांतून निघतो. त्यापायी पहिले काही आठवडे संघ गावोगाव फिरतो, बहुतेक ठिकाणी हरतो, आणि घरचा प्रेक्षक आपल्या मुलांना बघायला डिसेंबरची वाट पाहतो. डिसेंबरात सत्राच्या परीक्षा असतात!

घरी मोठा संघ का येत नाही? कारण क्रमवारी. २०१८-१९पासून राष्ट्रीय स्पर्धेची निवड समिती नेट नावाची क्रमवारी वापरते. तळाच्या संघाला हरवलं तर तिथे पदरात फारसं पडत नाही, हरलं तर मात्र नाव बद्दू होतं. मग दीड-दोन हजार प्रेक्षकांच्या कोंदट जिममध्ये जाऊन हा धोका कोण पत्करील?

प्रवासाचा भार नीट दिसतो तो मिनेसोटातल्या सेंट थॉमस विद्यापीठाच्या बाबतीत. डिव्हिजन थ्रीमध्ये त्यांचे सारे साखळी-प्रतिस्पर्धी मिनेसोटातलेच होते. पण सेंट थॉमस इतकं वरचढ ठरायला लागलं की २०१९मध्ये त्या कॉन्फरन्सने त्यांना निरोप द्यायचं ठरवलं. २०२१मध्ये ते थेट डिव्हिजन वनमध्ये गेले. समिट लीगमध्ये त्यांच्या वाट्याला डेन्व्हर आलं, ओमाहा आलं, ओक्लाहोमातलं टल्सा आलं. कालपर्यंत रात्री आपल्या खोलीवर परतणारी मुलं विमानतळावर अभ्यास करू लागली.

इतकं करून कॉन्फरन्स जिंकली तरी नवख्याला वर्षानुवर्षं राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद असे. डिव्हिजन टूमधून वर येताना स्थित्यंतराची अट चार वर्षांची होती. मार्च २०२३मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेरिमॅकने नॉर्थईस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात फेअरली डिकिन्सनला ६७-६६ असं एका गुणाने हरवलं. पण मेरिमॅकची चार वर्षं भरली नव्हती, म्हणून जागा गेली हरलेल्या संघाला. त्या हरलेल्या संघाने पुढे अग्रमानांकित पर्ड्यूला ६३-५८ असं घरी पाठवलं आणि सगळी अमेरिका चकित झाली.

जानेवारी २०२५मध्ये ही अट शिथिल झाली. ठरावीक निकष पुरे करणाऱ्या कॉलेजांना डिव्हिजन टूमधून येताना आता तीन वर्षं पुरतात.

वेळापत्रकाची ओढाताण मात्र कॉन्फरन्स मिळाल्यावरही संपत नाही. नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचंच पाहा. मेरिमॅक २०२४मध्ये तिथून दुसऱ्या साखळीत गेलं. त्याच उन्हाळ्यात दोन वर्षं इंडिपेंडंट म्हणून भटकलेलं शिकागो स्टेट आत आलं, आणि पेनसिल्व्हेनियातलं मर्सीहर्स्ट डिव्हिजन टूमधून वर चढलं. २०२५मध्ये कनेक्टिकटचं न्यू हेवन आलं. पूर्वेकडच्या या कॉलेजांना आता शिकागोची वारीही आली. दरम्यान मार्च २०२५मध्ये पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस ही कॉन्फरन्स जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत खेळलं, आणि महिना संपण्याआधीच त्यांनी २०२६पासून डिव्हिजन थ्रीमध्ये उतरणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तेव्हापासूनच्या हंगामाच्या तारखा कॉन्फरन्सला पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या.