युरिया जातो कुठे?



परळ-लालबागला आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद आहेत. त्यांच्याकडे जाताना दादरला एखाद्या मुतारीजवळून गेलात, की नाक झोंबते. तो वास अमोनियाचा. ताज्या मुताला तो नसतो; मुतातला युरिया फुटला की येतो. गोठ्यात हेच होते आणि वरवर युरिया फेकलेल्या शेतातही हेच. 45 किलोच्या गोणीत जवळजवळ 21 किलो नत्र असते. त्यातला काही वाटा असा वाऱ्यावर जातो.

युरियाचे पिकासाठी अन्न एका दमात होत नाही. ते पायरीपायरीने होते आणि दर पायरीचा वेग निराळा. पायऱ्यांचे वेग मोजणे हे एक शास्त्रच आहे. 1933 साली स्थापन झालेल्या, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. मनमोहन शर्मा यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

आता आपला युरिया पाहू. स्वच्छ पाण्यात तो वर्षानुवर्षे तसाच राहील. पण मातीतल्या जिवाणूंजवळ युरिएज नावाचे विकर असते. किल्लीने कुलूप उघडावे, तसे ते युरिया फोडते आणि स्वतः मात्र संपत नाही. एक तुकडा अमोनियाचा निघतो. दुसरा इतका कच्चा, की लगेच आपोआप फुटून आणखी अमोनिया देतो.

इथे वाट फुटते. दाणा उघड्यावर असेल तर अमोनिया उडतो. ओल्या मातीत खाली असेल तर त्याचे अमोनियम होऊन ते चिकणमातीला धरून बसते. पुढे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. नायट्रेट पीक घेते, पण मोठ्या पावसात ते झिरपूनही जाते.

देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला 2015 पासून कडुनिंबाचा लेप सक्तीचा आहे. हा लेप अमोनियमचे नायट्राइट होण्याची पायरी मंद करतो, म्हणून झिरपणे कमी होते. उडून जाण्याची पायरी मात्र त्याच्या आधीची. लेप आहे म्हणून कसाही फेकला तरी चालेल, असे समजू नका.

कोरडवाहू पिकाला युरिया ओळीच्या बाजूला देऊन मातीआड करा. भातखाचरात पाणी आधी काढा, युरिया चिखलात कालवा. चारसूत्री पद्धतीने लावणी करणार असाल तर युरिया-डीएपीची गोळी त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचा. वाकून कंबर दुखेल, हे खरे. घरातली दोन माणसे जास्त घ्या.