धाकट्याच्या दातांसाठी



लेकरू सहा-सात वर्षांचं झालं की दुधाचे दात पडून पुढचे कायमचे दात येतात. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, नांदेडच्या किनवट भागात, चंद्रपूरच्या काही गावांत हे दात उगवतात तेच पांढरे ठिपके आणि आडव्या रेघा घेऊन. पुढे काहींवर पिवळट, तपकिरी डाग चढतात. फारच जास्त असेल तर दाताला खळगे पडतात.

आईला पहिल्यांदा वाटतं, पोरगं दात घासत नाही. मग राखुंडी, मीठ, कोळसा, जे हाताशी असेल त्याने ती घासायला लावते. डाग जागचा हलत नाही. मुलगा थोडा मोठा असला तर बापाला संशय येतो की हा चोरून तंबाखूचा खर्रा खातो. कुणी गरोदरपणातल्या गोळ्यांना दोष देतं. कुणी म्हणतं, आमच्या घराण्यातच आहे, आजाचेही दात असेच होते.

या आईबापांना अडाणी म्हणणं मला मान्य नाही. त्यांचं निरीक्षण पक्कं असतं, निष्कर्ष तेवढा चुकतो. घराण्यात सगळ्यांचे दात सारखे, कारण सगळं घराणं एकाच हापशीचं पाणी पितं. याचा पुरावाही घरातच असतो. दूरच्या गावाहून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात पाहा. ते पुष्कळदा स्वच्छ असतात, कारण ते माहेरच्या पाण्यावर घडले. तिच्या मुलांच्या दातांवर मात्र डाग असतात, कारण त्यांचे दात सासरच्या पाण्यावर घडले.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, दात हिरडीतून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात तयार होतं. पुढच्या दातांसाठी पहिली तीन-चार वर्षं सगळ्यात नाजूक. त्या काळात पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर कवच नीट घट्ट होत नाही. यालाच फ्लुओरोसिस म्हणतात. सातव्या वर्षी दिसणारा डाग हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचा असतो. मधल्या काळात ती हापशी कदाचित बंदही झालेली असते, म्हणून पाण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि जाणार तरी कसं? फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी नितळ, थंड. बोअरच्या याच पाण्याने गावाला नारू आणि पटकीपासून वाचवलं, त्यामुळे त्यावर लोकांचा विश्वास आहे, आणि तो उगाच नाही. पण खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी खडकातलं फ्लोराइडही सोबत घेऊन येतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेकरं पाणीही जास्त पितात, हे विसरू नका.

आईबापांचं म्हणणं कान देऊन ऐकलं की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्रेडरिक मॅके नावाचे दंतवैद्य 1901 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेले आणि तिथल्या मुलांचे तपकिरी दात पाहून त्यामागच्या कारणाच्या शोधाला लागले. 1923 मध्ये ते आयडाहोतल्या ओकली गावी पोचले. तिथल्या पालकांनी त्यांना सांगितलं की पाच मैलांवरच्या कोमट झऱ्यावरून गावाला नळ आणला आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅकेंनी पाणी तपासलं. त्यात काही सापडलं नाही. तरीही त्यांनी तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या, असा सल्ला गावाला दिला. गावाने तो ऐकला. काही वर्षांत धाकट्या मुलांचे कायमचे दात स्वच्छ उगवू लागले. पाण्यात फ्लोराइड आहे हे चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं ते 1931 मध्ये. पालकांचं बोट आठ वर्षं आधीच योग्य जागी पडलं होतं!

आपल्याकडे हे बोट पाण्यावर का पडत नाही? माझ्या मते एक कारण असं, की सगळ्या गल्लीचे दात सारखेच असले तर ते कुणाला खटकत नाहीत. मुलगी शिकायला तालुक्याला गेली, तोंडावर हात धरून हसू लागली, किंवा तिच्या सोयरिकीची बोलणी निघाली, की मग घर जागं होतं. तेही तपकिरी डागासाठी. पांढऱ्या ठिपक्यांना आईबाप डाग समजतच नाहीत. खरं तर तीच वेळेवर मिळालेली सूचना असते, कारण त्या वेळी घरात बहुधा एखादं दोन वर्षांचं भावंड रांगत-चालत असतं.

त्या धाकट्याचे दात अजून वाचवता येतात. आईचं पाणी खराब असलं तरी तिच्या दुधात फ्लोराइड अगदी कमी उतरतं, म्हणून पहिले सहा महिने अंगावरचंच दूध पाजा. धोका पेज आणि वरणाच्या पाण्यापासून सुरू होतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. लहान मुलांना कोरा चहा देऊ नका, चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं. टूथपेस्टमधलं फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवतं, हे खरं आहे. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरे, आणि ती गिळू द्यायची नाही. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत शोधली. ती उपयोगी आहे, पण रोज मोजूनमापून करणारं माणूस लागतं. जवळ उथळ विहीर असेल आणि तपासणीत तिचं पाणी चांगलं निघालं, तर ते निर्जंतुक करून वापरणं मला जास्त खात्रीचं वाटतं. निदान पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तेवढं बदला. धुण्या-भांड्याला हापशी चालेल.

मोठ्या मुलाला दातांवरून बोलणं आजपासून थांबवा. त्याने काही केलेलं नाही. त्याचे डाग फिके करता येतात, झाकताही येतात. त्यासाठी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, घरी कोळशाने घासू नका. आणि येत्या ग्रामसभेत आयांनीच उभं राहून विचारा, आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक हापशीचा फ्लोराइडचा आकडा किती? पाणी तपासणीचा अहवाल वाचून दाखवा म्हणा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना तपासणी संच हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावचा संच कुणाच्या कपाटात पडला असेल, तर तो ग्रामसभेतच, सगळ्यांसमोर उघडायला लावा.