नेम चुकतो तेव्हा दोष कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडेल. शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण कशी बसवतात, तिचा नेम कसा जुळवतात आणि तो बिघडला तर दोष कसा शोधतात, याबद्दल मी बोलणार आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपवली, ते चांगलंच झालं. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याबद्दल. तिथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी वीस वर्षं काम केलं.

मी स्वतः शिकार करत नाही. घरात माळकरी आजी होती, तिचा संस्कार काही सुटला नाही. पण माझ्या शेजारच्या लेथवर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ गावातल्या रायफल क्लबचे सभासद होते. हरणांचा हंगाम जवळ आला, की हा क्लब एखादा शनिवार-रविवार गावकऱ्यांसाठी मोकळा ठेवायचा. ज्यांना आपल्या रायफलीचा नेम तपासायचा असेल त्यांनी यावं, सभासद मदत करतील. ते मला म्हणाले, ‘‘तुला स्क्रू किती आवळायचा हे कळतं. इथे निम्मं काम तेवढंच असतं. चल.’’ मी गेलो, आणि मग दर वर्षी जात राहिलो.

विस्कॉन्सिनमध्ये रायफलीनं हरणं मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो. काही लाख माणसं परवाना काढून, भडक नारिंगी जाकिटं घालून रानात उतरतात. हरणांना खाणारे लांडगे तिथून १९६० च्या सुमाराला जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे ते परतले, पण हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम बरंचसं माणसाकडेच राहिलं. बंदुका आणि काडतुसांवरच्या करातला पैसा १९३७ च्या एका कायद्यानुसार वन्यजीवांच्या संगोपनासाठी राज्यांना मिळतो. तेव्हा तिथे शिकार ही चोरटी गोष्ट नाही. तिला नियम आहेत आणि एक नीतीही आहे. प्राणी एका गोळीत मेला पाहिजे, तो जखमी होऊन भरकटता कामा नये, ही ती नीती. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा साधारण जेवणाच्या लहान ताटलीएवढी, आठेक इंचांची. नेम फूटभर सरकला, तर गोळी पायाला, पोटाला नाही तर जबड्याला लागते. मग ते जनावर कुठेतरी झाडीत दोन-दोन दिवस तडफडत राहतं. म्हणून दुर्बिणीचा हा खटाटोप.

आता ही दुर्बीण म्हणजे काय? एक इंच किंवा तीस मिलीमीटर व्यासाची नळी, दोन्ही टोकांना भिंगं. आत आणखी एक छोटी नळी स्प्रिंगवर तोललेली असते. बाहेर दोन बटणं असतात, एक वरचं आणि एक उजव्या बाजूचं. बटण फिरवलं की आतली नळी किंचित सरकते आणि दिसणारी फुली लक्ष्यावर इकडेतिकडे होते. बटण ‘टिक्‌टिक्’ करत फिरतं. एका टिकेला शंभर यार्डांवर साधारण पाव इंच, हा तिथला नेहमीचा हिशेब. युरोपीय दुर्बिणींत बहुधा शंभर मीटरला एक सेंटीमीटर.

बसवण्यापासून सुरुवात करू. पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं, बोटानं चाचपायचं आणि बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. मगच हत्यारं हातात घ्यायची. रायफलीच्या पाठीवर आधी पट्टी, म्हणजे बेस बसतो. बेसवर दोन कड्या आणि कड्यांत दुर्बीण. बेसचे स्क्रू आणि त्यांची भोकं स्पिरिटनं पुसून तेलाचा अंश काढायचा. नवीन रायफलीला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते स्क्रूच्या आट्यांत राहिलं, की दर गोळीच्या धक्क्यानं स्क्रू केसभर सैल होत जातो. कड्यांच्या वरच्या टोप्या आवळायच्या त्या मोटारीच्या चाकाच्या नटांसारख्या, तिरक्या समोरासमोर, थोड्या थोड्या. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. कड्यांना साधारण पंधरा ते वीस इंच-पाउंडाचा टॉर्क पुरतो. नेमका आकडा बनवणारा सांगतो, तोच धरायचा. ताकद आहे म्हणून पिळलं तर नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. दुर्बीण बिघडवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग.

पूर्ण आवळण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. एक, डोळ्याचं अंतर. डोळा आणि मागचं भिंग यांत तीन-चार इंच राहिले पाहिजेत, नाही तर रायफल मागे येते तेव्हा दुर्बिणीची कड भुवईवर बसते. त्या भागात भुवईवर चंद्रकोरीसारखी खूण असलेली माणसं मी पाहिली आहेत. हे अंतर बघायचं ते हंगामातला जाड कोट अंगात घालून. शर्टावर जुळवलेलं माप थंडीत चुकतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. मान पुढेमागे न करता पूर्ण वर्तुळ दिसलं की अंतर बरोबर. दुसरी गोष्ट, फुलीची उभी रेघ खरोखर उभी हवी. त्यासाठी आमच्या गवंड्याचा ओळंबा! लांबवर एक ओळंबा टांगायचा, रायफल लेव्हलवर सपाट ठेवायची आणि उभी रेघ दोरीशी जुळवायची. रेघ कलती राहिली तर जवळ फरक जाणवत नाही, पण लांब पल्ल्यावर गोळी बाजूला पडते.

आता नेम जुळवणं. पहिली गोळी झाडण्याआधीच निम्मं काम होतं. बोल्ट काढलेली रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवायची, मागून नळीतून पंचवीस यार्डांवरचं लक्ष्य पाहायचं आणि ते नळीच्या गोलाच्या मधोमध आणायचं. मग रायफल न हलवता बटणं फिरवून फुली त्याच लक्ष्यावर आणायची. एवढं केलं की पहिली गोळी निदान कागदावर लागते. पंचवीस यार्डांवर जुळलं की शंभर यार्डांवर जायचं. इथे हिशेब लक्षात ठेवा: शंभर यार्डांवर एका इंचाला चार टिका, तर पंचवीसवर एका इंचाला सोळा.

एका गोळीवरून निर्णय घ्यायचा नाही. तीन गोळ्या झाडायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. समजा तो शंभर यार्डांवर तीन इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे आहे. मग बारा टिका वर, आठ टिका डावीकडे. बटणावरचा बाण गोळी कुठे जाईल ते सांगतो, फुली कुठे जाईल ते नाही. मधल्या वेळात नळी गार होऊ द्यायची. आणि काडतुसं एकाच कंपनीची, एकाच वजनाच्या गोळीची. काडतूस बदललं की नेम बदलला.

पुष्कळांना वाटतं, गोळी नळीतून सुटल्यावर आधी वर चढते. तसं नाही. सुटल्या क्षणापासून ती खालीच पडू लागते. दुर्बीण नळीच्या दीडेक इंच वर असते, म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेलं असतं. त्यामुळे गोळी ती रेषा दोनदा ओलांडते. तीस-शून्य-सहा हे तिथलं लोकप्रिय काडतूस. शंभर यार्डांवर गोळी दोन इंच वर लागेल असं जुळवलं, तर दोनशे यार्डांच्या आसपास ती पुन्हा रेषेवर येते. तीनशेवर मात्र आठेक इंच खाली जाते. म्हणजे दोनशेपर्यंत सरळ नेम धरावा. त्यापुढे नीट सराव नसेल तर चाप ओढू नये.

आता बिघाड. ‘‘दुर्बीण खराब झाली’’ हे वाक्य मी त्या मैदानावर सर्वांत जास्त वेळा ऐकलं. खरं म्हणजे दुर्बिणीचा नंबर शेवटी येतो. एका वर्षी एक शेतकरी आले. आदल्या हंगामात त्यांनी एका हरणीवर शंभरेक यार्डांवरून गोळी झाडली होती, ती तिच्या पुढच्या पायाला लागली. अंधार पडेपर्यंत ते रक्ताच्या मागावर फिरले, रात्री बर्फ पडलं आणि माग बुजला. वर्षभर ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. नवीन महागडी दुर्बीण घ्यायची, असं ठरवूनच ते आले होते. आम्ही कड्या पाहिल्या, घट्ट होत्या. पण दुर्बीण उतरवून पुढच्या बेसवर अंगठा दाबला, तर तो हलला! कडीखाली झाकलेले दोन स्क्रू सैल होते आणि आट्यांत तेल होतं. पुसून, बसवून, आवळून दिलं. पुढच्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ लागल्या. ते आनंदले नाहीत, कागदाकडे बघत राहिले. नंतर एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे पाच मिनिटांचं काम होतं.’’

म्हणून दोष शोधण्याचा क्रम ठरलेला हवा. आधी बेसचे स्क्रू, मग कड्या, मग रायफल लाकडी दस्त्यात धरून ठेवणारे स्क्रू. नंतर नळी दस्त्याला कुठे घासते का, ते कागदाची पट्टी मधून सरकवून पाहायचं. त्यानंतर काडतुसं. मग नेमबाज स्वतः. मित्रानं नकळत एखादं रिकामं काडतूस भरून द्यावं. आवाज न होताच नळी खाली झुकली, तर दोष धक्क्याच्या भीतीचा आहे. हे सगळं ठीक निघालं, तरच दुर्बीण तपासायची. वीस टिका उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, वीस वर, दर कोपऱ्यावर एक फेरी. कागदावर चौकोन उमटून शेवटच्या गोळ्या पहिल्या जागी परत आल्या, तर दुर्बीण निर्दोष. भिंगावर बाहेरून धुकं आलं तर ते गार बंदूक उबदार घरात आणल्याचं. आतून आलं, तर सील फुटून आतला नायट्रोजन निघून गेलाय, मग ती कारखान्याकडेच पाठवायची. बटण शेवटपर्यंत फिरूनही नेम येत नसेल तर जोर करू नका; बेस वाकडा बसलाय.

यात आपल्या मातीचं काय? २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे, दोघंही कोल्हापूरकडचे. त्यांच्या पन्नास मीटर रायफल प्रकारात दुर्बीण चालत नाही, डोळ्यासमोर फक्त बारीक छिद्र असतं. पण त्यालाही टिका असतातच, आणि शिस्त तीच.

मला पुष्कळ जण विचारतात, तुम्ही शाकाहारी, मग या कामाला हात कसा लावलात? माझं उत्तर असं आहे, की माझ्या नकारानं त्या रानातलं एकही हरीण वाचणार नव्हतं. सैल स्क्रूची रायफल प्राण्याचा जीव वाचवत नाही, त्याचं मरण फक्त लांबवते. आणि चुकलेली गोळी दोन-तीन मैलही जाऊ शकते, पलीकडे कुणाचं तरी घर असतं. एवढं मला दिसत होतं, आणि स्क्रू आवळणं मला येत होतं.