हळद आणि हळदीची गोळी


सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपणा सातारा-सांगलीच्या बायकांना तिची महती सांगायला नको. मला बोलायचे आहे ते गोळीविषयी.

हळदीतला पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. हळदीत तो शेकडा ३च्या आसपास. बाकी पिष्ट, तंतू, तेले. तोच वेगळा काढून गोळ्या करतात. नुसता तो अंगी फारसा लागत नाही, म्हणून मिऱ्यातला अर्क घालतात. मग तो रक्तात कैक पटींनी चढतो. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत २०१९ साली आणि ऑस्ट्रेलियात २०२३ साली जाहीर झाल्या.

आमटीतली हळद सोसते म्हणून गोळीही सोसेल, असे समजू नका. डॉक्टरांना विचारा, आणि हळदीच्या भरवशावर चालू औषध सोडू नका.